मुंबईत रीडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगमध्ये घर घेताय? आधी जुन्या मेंबरना भेटा

मुलुंड, पार्ले, चेंबूर, बोरिवली, कुठेही जा, जुन्या गल्लीत दोन बिल्डिंग सोडल्या की तिसरीला पत्रे ठोकलेले दिसतात. आम्ही जवळजवळ दोन वर्षं मुलुंडमध्ये घर शोधत होतो आणि शेवटी रीडेव्हलपमेंटच्याच बिल्डिंगमध्ये घेतलं, त्यामुळे या काळात जे शिकले ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे मुंबईपुरतंच आहे, ठाण्या-पुण्याचे बांधकामाचे नियम वेगळे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोकळ्या प्लॉटवरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये व्यवहार तुमचा आणि बिल्डरचा असतो. इथे तिसरी पार्टी असते, ती म्हणजे जुनी सोसायटी. जमीन त्यांची, राहतं घर पाडून ते बाहेर भाड्याने राहिलेत, नवं घर मिळेपर्यंत ते भाडं बिल्डरने द्यायचं असतं, आणि बिल्डर त्यांची घरं फुकट बांधून देतोय ते तुम्हाला विकलेल्या फ्लॅटच्या पैशातून. म्हणजे तुमचं घर आणि त्यांचं घर एकाच दोरीला बांधलंय. त्यांचं बिघडलं की तुमचं बिघडणारच.

म्हणून सॅम्पल फ्लॅट बघायच्या आधी, ब्रोकरशी रेटची घासाघीस करायच्या आधी, जुन्या दोन-तीन मेंबरना शोधून काढा. अवघड नसतं, बहुतेक जण मुलांची शाळा आणि डॉक्टर बदलायला नको म्हणून त्याच एरियात भाड्याने असतात, समोरच्या वाण्याला किंवा इस्त्रीवाल्याला विचारलं तरी कळतं. आणि त्यांना एकच प्रश्न विचारा, भाडं वेळेवर येतं का?

आम्ही एका ठिकाणी जवळजवळ टोकन द्यायच्या तयारीत होतो, सगळं आवडलं होतं, स्टेशन जवळ, पूर्वेचा उजेड. त्या बिल्डिंगच्या एक आजी दोन गल्ल्या सोडून राहत होत्या, त्यांना भेटायला गेलो. आजी बोलल्या काही नाहीत, आतून पासबुक आणलं आणि बोट ठेवून ठेवून दाखवलं. जानेवारीचं भाडं पाच तारखेला, फेब्रुवारीचं बावीसला, मार्च नाही, एप्रिल नाही, मग जूनमध्ये एकदम एक रक्कम आणि तीही कमी. सेल्स ऑफिसमधला माणूस त्याच आठवड्यात आम्हाला सांगत होता की काम शेड्यूलच्या पुढे आहे. आम्ही टोकन दिलं नाही. आजही त्या रस्त्याने जाताना मान वर जातेच, सहाव्या स्लॅबच्या वर सळ्या तशाच गंजत उभ्या आहेत.

भाड्यावर माझा एवढा भर का, तर बिल्डरची तंगी सुरू झाली की पहिलं तेच थांबतं. सिमेंटवाल्याला पैसे दिले नाहीत तर काम थांबतं आणि सगळ्यांना दिसतं, महापालिकेचा प्रीमियम म्हणजे परवानगीसाठीचं शुल्क भरलं नाही तर पुढची परवानगी मिळत नाही, पण भाडं थकलं तर बाहेर कोणालाच कळत नाही, फक्त त्या तीस-चाळीस कुटुंबांना कळतं. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या महारेरा या सरकारी संस्थेच्या साईटवर ही माहिती सहसा दिसणार नाही, म्हणून ती तोंडीच काढावी लागते. आणि हो, भेटायला जाताना त्यांच्या अडचणीत आपण गिऱ्हाईक म्हणून आलोय असं वाटू देऊ नका, माणसं आधीच थकलेली असतात. नीट बसून ऐकून घेतलं की सगळं सांगतात.

दुसरा प्रश्न, कमिटी आणि बिल्डर यांचं पटतंय का, कोणी मेंबर कोर्टात गेलाय का. हे विचारायचं कारण फार लोकांना माहीत नसतं. काम रखडलं तर सोसायटी बिल्डरला काढून टाकू शकते, दुसरा आणू शकते. आणि अशा केसमध्ये मुंबई हायकोर्टाने असे निकाल दिलेले आहेत की आधीच्या बिल्डरकडून ज्यांनी सेलचे, म्हणजे बाहेरच्यांना विकायचे फ्लॅट घेतले त्यांचा करार त्या बिल्डरशी होता, सोसायटीशी नाही, तेव्हा सोसायटीवर त्यांचा हक्क चालत नाही. म्हणजे पैसे तुम्ही भरलेले, बिल्डिंग दुसराच बांधणार, आणि तुम्ही जुन्या बिल्डरच्या मागे वसुलीसाठी फिरत राहणार. गोरेगावच्या सिद्धार्थनगरची पत्राचाळ आठवा. ६७२ कुटुंबं, २००८ ला करार, आणि मग दीड दशक उलटलं तरी माणसं घराबाहेरच. त्यात रहिवासी तर भरडले गेलेच, पण तिथे सेलचे फ्लॅट बुक करणाऱ्यांचेही पैसे अडकले.

आता कागद. मी वकील नाही आणि वकिलाचे पैसे वाचवा असं कोणालाच सांगणार नाही, तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीचा तपास, वकिलाकडूनच करून घ्या आणि तो वकील बिल्डरने सुचवलेला नको. पण वकिलाकडे जायच्या आधी आपण काय बघायचं ते सांगते.

महारेराच्या साईटवर प्रोजेक्टचं पान उघडा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, तो स्कॅन केला की थेट तिथेच जातं. कोडच नसेल तर तिथूनच मागे फिरा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरं ८ पेक्षा जास्त असली की नोंदणी लागतेच, आणि नोंदणीशिवाय बुकिंग घेता येत नाही. त्या पानावर बहुतेक जण फक्त पूर्ण होण्याची तारीख बघतात. तुम्ही मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही बघा, किती वेळा पुढे ढकललीय ते मोजा. मग कोर्टकेसेसचा भाग, मग बोजा म्हणजे कुठल्या फायनान्स कंपनीकडे सेलचे फ्लॅट गहाण आहेत का. गहाण असतील तर घाबरून जाऊ नका, बरेचजण कर्ज काढतात, पण तुमच्या फ्लॅट नंबरच्या नावाने त्या कंपनीची एनओसी ॲग्रीमेंटच्या आधी हातात पाहिजे. दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती भरावी लागते, ती भरलेली नसेल किंवा तीन तिमाह्या तोच आकडा दिसत असेल तर साईटवर जाऊन स्वतः स्लॅब मोजा.

लक्षात घ्या, रेराचं संरक्षण मुख्यतः सेलच्या घरांना आहे, जुन्या मेंबरांच्या रिहॅबच्या घरांना नाही. त्यामुळे रेराच्या पानावर सगळं ठीक दिसत असतानाही रिहॅबची बाजू आजारी असू शकते. म्हणूनच ते पासबुक.

सोसायटी आणि बिल्डरमधलं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, सगळे त्याला डीए म्हणतात, ते रजिस्टर्ड आहे का आणि त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा, बघायला मिळतो का ते विचारा. डीएमध्ये सेलचे फ्लॅट कुठले आणि रिहॅबचे कुठले याची यादी असते. तुमचा फ्लॅट नंबर बिल्डरच्या हिश्श्यात आहे ना, हे त्या यादीवरून स्वतः बोट फिरवून खात्री करा. सोसायटीने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची प्रक्रिया पाळलीय का, म्हणजे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे खास सर्वसाधारण सभा, निबंधकांचा प्रतिनिधी हजर, एकूण मेंबरांपैकी किमान ५१ टक्के लोकांची लेखी संमती, सभेचं व्हिडिओ शूटिंग. यात कुठे घाई केली असेल तर नाराज मेंबरला कोर्टात जायला आयतं कारण मिळतं. आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स, किंवा मूळ मालकाने करून दिलं नाही तर सरकारकडून होणारं डीम्ड कन्व्हेयन्स, त्यासाठी प्रॉपर्टी कार्ड बघायचं.

मग परवानग्या. महापालिकेकडून आधी मिळणारी आयओडी म्हणजे बांधकामाला मुभा नव्हे, ती अटींची यादी असते, खरी मुभा सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला. आणि सीसी तुकड्यातुकड्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत, मग अमुक मजल्यापर्यंत, मग पूर्ण. तुम्ही अठराव्या मजल्यावर घर घेताय आणि सीसी बाराव्यापर्यंतच असेल तर तो फ्लॅट अजून कागदावर सुद्धा पूर्ण जन्मलेला नाही. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळामुळे उंचीवर बंधन आहे, तिथे वरच्या मजल्याचं बुकिंग घेण्याआधी उंचीची एनओसी मीटरमध्ये किती आहे ते विचारा.

पैसे देताना एकच नियम पाळा, रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर एक रुपया नाही. रेराच्या कलम १३ मध्येच आहे ते. माझ्या आतेबहिणीने नुसत्या अलॉटमेंट लेटरवर पाव किंमत भरली होती, प्री-लाँच रेट मिळतोय म्हणून, रेरा नंबर महिन्याभरात येतोय असं सांगितलं होतं. नंबर आला अकरा महिन्यांनी, आणि आला तेव्हा प्लॅनमध्ये तिचा फ्लॅट साडेसहाशेचा सहाशे झाला होता. पैसे परत मिळवायला तिला दीड वर्ष लागलं. तिचं त्या काळातलं रडणं मी फोनवर ऐकलंय, म्हणून हे कळकळीने सांगतेय, कितीही चांगला रेट असू दे, नंबर नाही तर पैसे नाहीत.

ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला की घरी आणा आणि शांतपणे वाचा, साईट ऑफिसमध्ये बसून वाचू नका. मी टेप घेऊन बसले होते. प्लॅनवर बेडरूम १० बाय ९ लिहिली होती, मी आमच्या भाड्याच्या घराच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखला, त्यात पलंग आणि कपाट आखलं, आणि तेव्हा कळलं की कपाटाचं दार उघडलं तर पलंगाला लागतंय. मग आम्ही दुसरा लेआऊट घेतला. कार्पेट एरिया रेराच्या व्याख्येप्रमाणेच लिहिलेला पाहिजे, त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. ब्रोकर बाल्कनी मिळवून आकडा सांगतो, रेट काढताना ती वजा करून काढा.

ड्राफ्टमध्ये एक कलम हमखास सापडेल ते नीट वाचा. जुन्या एरियात प्लॉट लहान असतात, त्यामुळे बाजूची मोकळी जागा नियमापेक्षा कमी सोडायची सवलत महापालिकेकडून घेतलेली असते, आणि ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं की इमारतीभोवती मोकळी जागा कमी आहे हे खरेदीदाराला माहीत आहे आणि शेजारचा प्लॉट उद्या असाच रीडेव्हलप झाला तर तो हरकत घेणार नाही. म्हणजे आज खिडकीतून जे गुलमोहराचं झाड आणि तीन मजली बंगला दिसतोय तिथे पाच वर्षांनी वीस मजले उभे राहू शकतात आणि तुम्ही काही म्हणू शकणार नाही. शेजारच्या बिल्डिंगचं वय काय, तिथे रीडेव्हलपमेंटची बोलणी चाललीत का, हे म्हणूनच विचारून ठेवायचं. आमच्या पश्चिमेच्या बिल्डिंगची बोलणी चालू आहेत हे कळल्यावर आम्ही मुद्दाम रस्त्याकडची बाजू घेतली, आवाज जास्त आहे पण रस्त्यावर कोणी बिल्डिंग बांधणार नाही.

पार्किंग ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, कुठलं, कितवं, स्टॅक का पझल का टॉवर. लहान प्लॉटवर मशीनचंच पार्किंग असतं, तुमची गाडी त्यात बसते का आणि लाईट गेली की गाडी बाहेर निघते का, दोन्ही विचारा.

मेंबरशिपचं वेगळं असतं इथे. नवी सोसायटी होत नाही, तुम्ही त्याच जुन्या सोसायटीत नवे मेंबर होता. हे चांगलं आहे, कारण कन्व्हेयन्ससाठी बिल्डरच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागत नाही. पण मेंटेनन्स कसा आकारणार, जुन्यांना आणि नव्यांना सारखाच ना, जिम आणि गच्ची सगळ्यांना ना, लिफ्ट वेगळ्या आहेत का, हे कमिटीला आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी जुने आणि नवे अशा दोन फळ्या पडतात आणि मग प्रत्येक सभेत भांडण. आम्ही पझेशनच्या आधीच जुन्या मेंबरांच्या दोन मीटिंगना जाऊन बसलो होतो, परवानगी घेऊन, त्याचा फार उपयोग झाला.

खर्चाचा हिशोब फ्लॅटच्या किमतीवर थांबवू नका. समजा फ्लॅट दीड कोटीचा आहे आणि बांधकाम चालू आहे. जीएसटी ५ टक्के म्हणजे साडेसात लाख, स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे ९ लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार, झाले की पावणेसतरा लाखाच्या वर. घर फक्त बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ड्युटी ५ टक्के पडते, दीड लाख वाचतात. ओसी म्हणजे राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला, तो मिळालेला फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही. ५० लाख आणि त्यावर किंमत असली की १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात आणि मग नोटीस येते.

ओसी शिवाय चावी घेऊ नका. फर्निचर करून घ्या, राहायला या, ओसी येतेच आहे, असं सगळेच सांगतात. ओसी नसली की पाणी जादा दराने येतं, विकायला गेलात की बँक लोन देत नाही. रिहॅबची घरं अपुरी असली की सेलची ओसी अडकते. पार्ट ओसी असेल तर तुमचा मजला त्यात आहे का तेवढं कागदावर बघा.

आता दुसरा प्रकार, जुन्या बिल्डिंगमधला जुनाच फ्लॅट घ्यायचा, पुढे रीडेव्हलपमेंटला जाईल या हिशोबाने. मालक काय करतो, समजा घर ४५० कार्पेटचं आहे आणि सोसायटीत ३५ टक्के जादा मिळणार अशी चर्चा आहे, की तो किंमत सहाशे फुटांची सांगतो. तुम्ही ४५० चीच द्या, फार तर थोडी वर. चर्चा दहा दहा वर्षं चालते. सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, ते मिनिट्सच्या वहीत बघा. प्लॉट केवढा आणि मेंबर किती याचं प्रमाण बघा, चार मजल्यांवर आधीच साठ घरं कोंबलेली असतील तर बिल्डरला विकायला उरतं काय? समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जादा बांधकामाची परवानगी, मिळवणं अवघड जातं. बिल्डिंग महापालिकेच्या सी-१ म्हणजे अतिधोकादायक यादीत असेल तर कधीही रिकामी करावी लागेल, आणि तेव्हा बिल्डर ठरलेला नसला तर भाडं कोण देणार? बँकेला आधी विचारा, पन्नास वर्षांच्या बिल्डिंगवर लोन द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात, आणि पाडल्यानंतर तर बहुतेक नाहीतच.

डीए झाल्यानंतर असा फ्लॅट घेत असाल तर कॉर्पस म्हणजे बिल्डरने मेंबरला द्यायची ठोक रक्कम, भाडं, शिफ्टिंगचे पैसे विकणाऱ्याला की तुम्हाला, हे ओळ न ओळ ॲग्रीमेंटमध्ये लिहा, आणि सोसायटीची व बिल्डरची दोघांची लेखी मान्यता घ्या. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्स्फर प्रीमियम मुंबईत २५ हजारांच्या वर मागता येत नाही, कोणी डोनेशन म्हणून लाखात मागितलं तर द्यायचं नाही.

गिरगाव, लालबाग, परळ, दादरकडच्या पागडीच्या खोल्या हा वेगळाच विषय आहे. तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता, घरमालकाच्या संमतीने आणि त्याचा हिस्सा देऊन भाडेपावती तुमच्या नावावर होते. उपकरप्राप्त इमारतीत, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास होतो तेव्हा म्हाडाने प्रमाणित केलेल्या यादीतल्या भाडेकरूलाच घर मिळतं, आणि १३ जून १९९६ नंतर नव्याने तयार केलेले भाडेहक्क धरत नाहीत. त्यामुळे एका खोलीच्या दोन करून विकणारा भेटला तर दुसऱ्या खोलीला घर मिळणार नाही हे धरूनच चला. त्या तारखेच्या आधीची भाडेपावती, लाईट बिल, जुनं रेशनकार्ड बघायला मागा. झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं रिहॅबचं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, ते पॉवर ऑफ ॲटर्नीवर देतो म्हणणाऱ्याकडे उभं सुद्धा राहू नका, प्राधिकरणाची लेखी परवानगी असेल तरच.

आणि टोकनच्या आधी एरियात तीन वेळा जा, सकाळी पाणी यायच्या वेळेला, रात्री नऊला, आणि जमलं तर जुलैत जोराच्या पावसात. रात्री गल्लीत किती टँकर येतात, गाड्या कुठे लावतात, पाणी कुठपर्यंत तुंबतं ते दिसतं. एकाच गल्लीत चार बिल्डिंग पाडलेल्या असतील तर पुढची चार-पाच वर्षं धूळ आणि मिक्सरच्या गाड्या आहेतच, घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर याचा विचार आधी करा.

आमच्या घराची चावी घेतली त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे जोशीकाका सुद्धा चावी घ्यायला आले होते, ते चार वर्षांनी आपल्या घरी परत येत होते. त्यांच्याच पासबुकात आम्ही भाड्याच्या एंट्र्या बघितल्या होत्या, एकही महिना चुकला नव्हता. आधी त्यांच्या दाराला तोरण लावलं, मग आमच्या.